तारा पुरताय, तर कुठे पुरल्या ते लिहून ठेवा

प्रति,
शहर प्रशासन, तसेच वीज, दूरसंचार, पाणी आणि गॅस या चार खात्यांचे प्रमुख

विषय : लोंबत्या तारा जमिनीखाली नेण्याच्या कामाबाबत

महोदय, महोदया,

परवा रात्री पावणेबाराच्या सुमारास आमच्या गल्लीतला चर बुजवला गेला. मी काठी घेऊन कडेला उभा होतो. या काठीवर दर दहा सेंटिमीटरला एक खूण आहे. जुनी खोड, जात नाही. चराच्या तळाला काठी टेकवली, तर पाचवी खूण जमिनीच्या वरच राहिली. म्हणजे अर्धा मीटरही खोली नाही, आणि वरून अवजड गाड्या जाणार. तळाला वाळूचा थर नव्हता, केबल सरळ खडीवर पसरली होती. तिच्यावर विटा नाहीत, फरशी नाही. धोक्याची पट्टी होती, पण ट्रकच्या हौद्यात, वेष्टनसुद्धा न फाडलेली. मी विचारलं, तेव्हा मुकादम म्हणाला, "आजोबा, सकाळी रस्ता मोकळा करून द्यायचाय." त्या बिचाऱ्याला काय बोलणार? त्याला जे सांगितलं ते तो करत होता. म्हणून ज्यांनी सांगितलं त्यांना लिहितो आहे, आणि रोज त्या चरावरून चालणाऱ्यांनीही वाचावं म्हणून उघड लिहितो आहे.

मी निवृत्त केबल जॉइंटर आहे. जमिनीखालच्या केबलची दोन टोकं जोडायची, हेच काम मी 31 वर्षं केलं. सुरुवातीला कागदी इन्सुलेशनच्या, शिशाच्या आवरणाच्या केबल होत्या, पुढे एक्सएलपीईच्या, म्हणजे प्लास्टिकच्या इन्सुलेशनच्या, आल्या. खड्ड्यात उकिडवं बसायचं, आवरणं एकेक करून सोलायची, सुरीचा ओरखडा आतल्या थरावर उमटू द्यायचा नाही, तांब्याची टोकं दाबून बसवायची आणि मग सगळे थर पुन्हा त्याच क्रमाने चढवायचे. कपाळाला फडकं बांधलेलं असायचं, कारण घामाचा एक थेंब आत राहिला तर तो जॉइंट आज नाही, पाचसहा वर्षांनी फुटतो. फुटतो तेव्हा थेंब कुणाचा होता हे कुणालाच कळत नाही. आमच्या धंद्याची ही मोठीच सोय आहे, आणि तुमच्या सध्याच्या कामाचीही.

आधी एक गैरसमज दूर करतो. मी या योजनेच्या विरोधात नाही. तारा खाली न्या म्हणून मी नोकरीत असल्यापासून ओरडतो आहे. वर लोंबणाऱ्या तारांनी काय होतं हे आमच्या जमातीला वेगळं सांगावं लागत नाही. 1889 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मध्यवस्तीत जॉन फीक्स नावाचा लाइनमन खांबावर चढून निरुपयोगी तारा काढत होता. ज्या तारेला त्याचा हात लागला ती साध्या तारायंत्राची, निरुपद्रवी समजली जाणारी. पण काही चौक पलीकडे तीच तार उच्च दाबाच्या वाहिनीला टेकलेली होती. तो भर दुपारी, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत, तारांच्या जाळ्यात लटकलेला राहिला. त्या शहरात तारा जमिनीखाली नेण्याचा कायदा 1884 मध्येच झाला होता. 1888 च्या मार्चमधल्या हिमवादळाने कितीतरी खांब आडवे केले, तरी कंपन्या चालढकल करत राहिल्या. फीक्स गेला, लोक चवताळले आणि मग कुठे खांब झपाट्याने उतरले.

जपानमधल्या कोबे शहराचंही तसंच. 1995 च्या भूकंपात सुमारे 8,000 विजेचे आणि टेलिफोनचे खांब पडले, तेही रस्त्यावरच, म्हणजे बंब आणि रुग्णवाहिका जिथून जायच्या तिथेच. जपानने खांब हटवण्यासाठी खास कायदा केला तो 2016 मध्ये. तेव्हा तारा खाली जायलाच हव्यात, त्याबद्दल दुमत नाही. माझं भांडण 'कशा' याच्याशी आहे.

माझी सगळ्यात मोठी तक्रार नकाशाची. योजनेच्या पहिल्या मसुद्यात एक अट होती : प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनचा मोजमापांसह नकाशा दिल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल निघणार नाही. सुधारित मसुद्यात ती ओळ बदलली. आता म्हटलं आहे, काम संपल्यावर सहा महिन्यांत नकाशा 'शक्यतो' सादर करावा. हा 'शक्यतो' कुणी घातला मला माहीत नाही. पण ज्याने घातला त्याने बुजवलेल्या चरातली केबल सहा महिन्यांनी शोधायचा प्रयत्न आयुष्यात कधी केलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो. उघड्या चरात केबल मोजायला एक माणूस, एक टेप आणि पाच मिनिटं लागतात. माती पडली की त्याच कामाला यंत्र लागतं, रडार लागतं, आणि तरीही खात्रीसाठी पुन्हा खड्डा लागतोच.

वर तार तुटली तर शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवतं, ती बघा. खाली तुटली तर आधी केबल दोन्ही टोकांना सोडवायची, मेगर मारायचा, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र लावायचं, मग एका टोकाकडून तरंग पाठवून तो परत यायला किती वेळ लागतो त्यावरून अंतर काढायचं. यंत्र म्हणतं, दोष 340 मीटरवर आहे. बरं, पण केबलच्या लांबीने 340 मीटर म्हणजे रस्त्यावर नेमकं कुठे? केबल मध्येच वळली असेल, कुठे वळसा ठेवला असेल, कुणी तरी गटार चुकवायला बाजूला सरकवली असेल. नकाशा असेल तर एक खड्डा आणि काही तासांचं काम. नसेल तर तीन खड्डे, दोन रात्री आणि अंधारात बसलेली वस्ती. भूमिगत लाइनला दोष कमी येतात हे खरं आहे, पण आलेला दोष सापडायला वेळ लागतो हेही तितकंच खरं. तुमच्या माहितीपत्रकात पहिलं वाक्य मोठ्या अक्षरात आहे, दुसरं नाहीच.

आणि चुकीचा नकाशा हा नकाशा नसण्यापेक्षा वाईट. माझा एक जोडीदार होता, माझ्यापेक्षा वयाने थोडा मोठा, हाताने माझ्यापेक्षा चांगला. एका दुरुस्तीला आम्ही गेलो. कागदावर लिहिलं होतं, उच्च दाबाची केबल रस्त्याच्या कडेपासून दीड मीटरवर. आम्ही कडेपासून मोजलं, दोन हात जास्तच अंतर सोडलं आणि त्याने पहार घातली. कागद खोटा नव्हता. दरम्यान रस्ता रुंद झाला होता आणि कड सरकली होती, एवढंच. मला आठवतो तो आवाज नाही, त्यानंतरची शांतता आठवते, आणि पहारीचं वितळून बोथट झालेलं टोक. त्याचे दोन्ही तळहात गेले. नंतरची नोकरी त्याने सामानाच्या कोठारात नोंदी करत काढली. लेखणी दोन मनगटांत धरून. त्याने केलेल्या नोंदी त्या खात्यातल्या सगळ्यात अचूक नोंदी होत्या. कोणतं खातं ते इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

त्या दिवसापासून मी प्रत्येक जॉइंटचं माप वहीत लिहू लागलो, आणि दोन ठिकाणांपासून. इमारतीच्या कोपऱ्यापासून इतकं, टपालपेटीपासून इतकं. कड कधीच नाही. मी गेलो की ही वही रद्दीत जाईल ही गोष्ट वेगळी. पण एका शहराचं ज्ञान माझ्या कपाटातल्या कापडी पिशवीत असावं, हे तुम्हाला बरोबर वाटतं का?

हे जमतं हो. नेदरलँड्समध्ये 2008 पासून कायदाच आहे : यंत्राने खोदायचं असेल तर आधी नोंद करा, त्या जागेखाली ज्यांच्या ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांनी नकाशे दिलेच पाहिजेत, आणि खोदताना एखादी वाहिनी नकाशापेक्षा वेगळ्या जागी निघाली तर तेही कळवलं पाहिजे. ही शेवटची अट मला फार आवडते. खोदणारा माणूसच नकाशा दुरुस्त करत जातो. अमेरिकेत 2007 पासून खोदण्यापूर्वी लावायचा एकच फोन क्रमांक आहे, 811. तो लावला की ज्याची त्याची माणसं येऊन जमिनीवर रंगाने रेघा मारून जातात : वीज लाल, गॅस पिवळा, दूरसंचार नारिंगी, पाणी निळा, सांडपाणी हिरवा. ब्रिटनमध्ये अशा नोंदी विखुरलेल्या होत्या. तिथल्या सरकारचाच अंदाज की खोदताना वर्षाला सुमारे 60,000 वेळा कुणाच्या तरी लाइनला धक्का लागतो. म्हणून तिथेही आता देशभरच्या भूमिगत वाहिन्यांची एकत्र नोंदवही करणं चाललं आहे. रंगाचा डबा आणि नोंदवही. यात न परवडण्यासारखं काय आहे?

दुसरी तक्रार, चौघांनी चार वेळा खोदण्याची. आमच्या गल्लीत चार महिन्यांत तीन चर झाले. आधी वीजवाले, मग फोनवाले, आता पाण्याचे आले आहेत आणि गॅसवाले खुणा करून गेले आहेत. रस्ता म्हणजे गोधडी झाला आहे. पण माझी चिंता रस्त्याची नाही, रस्त्याच्या आतल्या शेजाराची आहे. एकमेकांना न विचारता टाकलेल्या वाहिन्या खाली एकमेकींच्या उरावर बसतात. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात एक नवी जलवाहिनी पोलादी पेट्रोलवाहिनीच्या फार जवळून नेली गेली. दोन वेगळे धातू, ओली माती, त्यात गंजण्याची क्रिया सुरू झाली आणि पेट्रोलवाहिनीला भोक पडलं. पेट्रोल सांडपाण्याच्या गटारात उतरलं. 22 एप्रिल 1992 ला रस्तेच्या रस्ते फुटले, दोनशेहून अधिक माणसं गेली. तैवानमधल्या काओशुंगमध्ये तर रसायनाची वाहिनी पावसाळी गटाराच्या पोटातून आरपार गेलेली होती. गटारातल्या ओलाव्यात तिचं आवरण गेलं, भिंत पातळ झाली, आणि 31 जुलै 2014 च्या रात्री प्रोपीन वायू गटारात पसरून पेटला. 32 जण गेले. कोण कुठून गेलं आहे हे वरच्या माणसांना ठाऊक नसलं, की खाली हे असं होतं.

एकत्र चर, एकत्र नळ्या ही काही माझी कल्पना नाही. लंडनच्या गॅरिक स्ट्रीटखाली 1861 मध्ये माणूस चालू शकेल असा बोगदा वाहिन्यांसाठी बांधला होता. पॅरिसची गटारं त्याच काळात अशी प्रशस्त केली की पाण्याचे नळ त्यांच्याच छताखालून गेले. जपानमध्ये वाहिन्यांच्या सामाईक बोगद्यांचा कायदा 1963 चा आहे. मी प्रत्येक गल्लीखाली बोगदा मागत नाही. गल्लीबोळांना तो परवडणारही नाही. एकाच चरात, ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या खोलीवर सगळ्यांच्या नळ्या, आणि त्यांच्यासोबत दोन रिकाम्या. उद्या नवी केबल लागली तर त्या रिकाम्या नळीतून ओढा, रस्ता फोडू नका. रिकामी नळी आज टाकायला जवळजवळ फुकट, कारण खरा खर्च चराचा असतो, नळीचा नसतो. आणि कृपा करून नळ्यांची तोंडं बंद करा. इमारतीत शिरणारी उघडी नळी पाणी आत आणते, आणि कुठे गॅस गळत असेल तर तोही थेट मीटरच्या खोलीत आणून सोडते. दोन्ही मी पाहिलं आहे.

खोली, वाळू, पट्टी याबद्दल सुरुवातीला लिहिलंच आहे. त्यात एवढीच भर घालतो की वाळू ही केबलची नुसती गादी नाही. केबल तापते, ती उष्णता भोवतालच्या मातीने वाहून नेली पाहिजे. खडी आणि डबर यांच्या फटींत हवा राहते आणि उष्णता अडकते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मध्यवस्तीला वीज पुरवणाऱ्या चार मुख्य भूमिगत केबल 1998 च्या जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या कडक उन्हाळ्यात, एकामागून एक गेल्या. शहराचा मधला भाग पाच आठवडे नीट विजेशिवाय होता. पुरलेली गोष्ट दिसत नाही म्हणून ती सुखरूप आहे असं धरून चालणं, हाच तिथला घोटाळा. पाण्याचंही तेच. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनचा दक्षिण भाग अंधारात गेला, कारण तारा खाली होत्या पण नदीकाठच्या उपकेंद्रात पाणी शिरलं. आपल्या योजनेत फीडर पिलरच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या वीज वाटपाच्या, पेट्या सरसकट जमिनीपासून एका ठरावीक उंचीवर दाखवल्या आहेत, सखल चौकात तेवढ्याच आणि चढावरही तेवढ्याच. पाणी कुठे साचतं हे त्या त्या चौकातल्या कुणालाही विचारा, तो गुडघ्याला हात लावून दाखवेल.

खांबांचं काय झालं तेही सांगतो. पहिल्या टप्प्यातल्या रस्त्यावर विजेच्या तारा खाली गेल्या, पण खांब उभेच आहेत, कारण इंटरनेटवाल्यांच्या केबल त्यांनाच लटकल्या आहेत आणि 'तो आमचा विषय नाही'. शिवाय पदपथावर नवी पेटी आली. पूर्वी काठी टेकत चालणाऱ्या अंध माणसाला एक अडथळा होता, आता दोन आहेत. चाकाच्या खुर्चीला तर तिथून रस्त्यावरच उतरावं लागतं. या कामाला सुशोभीकरण म्हणून पैसे मंजूर झाले आहेत, हे वाचून मला हसू आलं.

झाडांचं एका वाक्यात : वरच्या तारांसाठी त्यांच्या फांद्या छाटत होतात, आता चरासाठी एका बाजूची मुळं सरळ कापता आहात, आणि मुळं कापलेलं झाड उभं दिसतं पण पहिल्या मोठ्या वाऱ्यात त्याच बाजूने सुटतं.

राहिला पैसा. भूमिगत काम वरच्या तारांपेक्षा काही पटींनी महाग पडतं, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच ते एकदाच आणि नीट करायचं असतं. पण रस्त्यावरच्या चरापासून घरातल्या मीटरपर्यंतचा शेवटचा तुकडा रहिवाशाने स्वखर्चाने करावा, हे योजनेत शेवटच्या पानावर, तळटीपेत आहे. ज्यांना तो खर्च झेपणार नाही त्यांच्या घरांवर तारा लोंबतच राहणार. मग एका घरासाठी एक खांब राहील आणि त्या खांबासाठी सगळी गल्ली. मोठे रस्ते पहिल्या टप्प्यात, अरुंद गल्ल्या 'पुढील टप्प्यात विचाराधीन'. वास्तविक तारा खिडकीला हात लागेल इतक्या जवळ असतात त्या अरुंद गल्ल्यांतच.

माझ्या मागण्या साध्या आहेत. नकाशाची पहिली अट जशीच्या तशी परत आणा : मोजमाप चर उघडा असताना, दोन पक्क्या ठिकाणांपासून, खोलीसह, फोटोसह, नकाशा नाही तर बिल नाही. चारही खात्यांचा एकच नकाशा असू द्या आणि खोदण्यापूर्वी तो पाहणं सगळ्यांना बंधनकारक करा, स्वतःच्या खात्यालासुद्धा. एका रस्त्यावर एकच चर, सामाईक वेळापत्रक, दोन रिकाम्या नळ्या. चर बुजवण्याआधी खोली, वाळू आणि पट्टी तपासून सही करणारा माणूस जागेवर हवा, दुसऱ्या दिवशी कचेरीत नको. जॉइंट कुणी केला त्याचं नाव आणि तारीख नोंदवा. नाव लिहावं लागलं की हात आपोआप सावकाश चालतो, अनुभवाने सांगतो. शेवटची तार उतरली की पंधरा दिवसांत खांब उतरवा. शेवटच्या तुकड्याचा खर्च योजनेतच धरा. आणि आमच्या गल्लीतला परवाचा चर पुन्हा उघडा. त्रास होईल, होऊ दे. गल्लीतल्या लोकांशी मी बोललो आहे, ते एक आठवडा आणखी सोसायला तयार आहेत.

माझी वही तुम्हाला हवी असेल तर द्यायला तयार आहे. 31 वर्षांचे जॉइंट त्यात आहेत, त्यातले बरेच आजही रस्त्याखाली चालू आहेत. फक्त ती नुसती पाठवून देता येणार नाही, कुणीतरी येऊन माझ्याजवळ बसावं लागेल. पान 47 पासून पुढे माझ्या टेपचं सुरुवातीचं टोक तुटलेलं होतं आणि नवी टेप मिळेपर्यंत मी तीच वापरली. त्या पानापासून पान 112 पर्यंत प्रत्येक मापातून दहा सेंटिमीटर वजा करावे लागतात. हे वहीत कुठेही लिहिलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त केबल जॉइंटर